शिक्का नंतर, साक्षीदार आधी : अमेरिकेतील मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील मराठी मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते आणि गेली काही वर्षे येथे नोटरी पब्लिक म्हणून काम करते. मी वकील नाही. हे वाक्य मला या पत्रात पुन्हा लिहावे लागणार आहे, कारण माझी सगळी अडचण त्याच वाक्यात आहे.

यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका मंडळाच्या सभागृहात तिळगुळाच्या शेजारच्या टेबलावर ‘तुमच्या राज्याच्या कायद्यानुसार’ असे छापलेली माहितीपत्रके ठेवली होती. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, वैद्यकीय निर्णयांचे अधिकारपत्र आणि भाडेकरार यांचे कोरे नमुने एकत्र विकत घ्यायचे, स्वतः भरायचे आणि सह्या करून ठेवून द्यायचे, अशी ती योजना होती. मंडळाच्या सभासदांना सवलतीचा कोड होता, आणि त्या विक्रीतून मंडळाला थोडी देणगीही मिळते असे मागाहून कळले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्या गठ्ठ्यांतले कागद घेऊन बरीच कुटुंबे माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. त्या टेबलावर जे पाहिले त्यावरून हे पत्र लिहीत आहे. इतर मंडळांतही अशा योजना असतात, म्हणून पत्र कोणा एका मंडळाला उद्देशून नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. स्वतः कागद करण्याच्या मी विरुद्ध नाही. साध्या संसाराचे साधे मृत्युपत्र करायला प्रत्येकाने वकिलाचे शुल्क मोजावे असे मला वाटत नाही, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांनी काहीच न करता बसणे तर त्याहून वाईट. माझी तक्रार एवढीच आहे की मंडळे नेमकी ती वस्तू विकायला मदत करत आहेत जी बहुतेक ठिकाणी फुकट मिळते, आणि जी वस्तू विकत मिळत नाही, तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. कागद सहज मिळतो. त्यावर सही कोणासमोर, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या राज्यात व्हावी, ही रीत मात्र कागदाबरोबर घरी येत नाही.

आपल्या लोकांची पहिली चूक भारतातून येते, आणि ती समजण्यासारखी आहे. भारतात नोटरी म्हणजे अनुभवी वकील. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली सरकार त्याची नेमणूक करते, आणि ‘नोटरी करून घेतली’ म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी निर्धास्त होतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अठरा वर्षे पूर्ण झालेली सामान्य व्यक्ती अर्ज करून नोटरी होऊ शकते. माझे काम समोरच्या माणसाची ओळख पटवणे, सही त्यानेच आणि स्वखुशीने केली हे पाहणे, नोंदवहीत ते नोंदवणे आणि शिक्का मारणे, एवढेच. न्यू जर्सीच्या कायद्याने त्याचे शुल्क अडीच डॉलर ठरवले आहे, आणि त्या अडीच डॉलरांत कागद बरोबर आहे की चूक हे सांगण्याचा अधिकार मला मिळत नाही. सांगितले तर तो परवान्याशिवाय वकिली केल्याचा गुन्हा होतो. म्हणजे माझ्यासमोर चुकीचा कागद आला तर मला गप्प बसून शिक्का मारावा लागतो, किंवा ‘हा कागद वकिलाला दाखवा’ एवढेच म्हणता येते. लोकांना वाटते, मी टाळते आहे.

या वर्षी पहिल्यांदा आलेले जोडपे साठीचे होते. दोघांची मृत्युपत्रे नीटनेटकी भरलेली, प्रत्येक पानाच्या तळाशी आद्याक्षरे, आणि त्यांना माझा शिक्का हवा होता. साक्षीदार नव्हते. साक्षीदारांच्या सह्यांचे पान आणि त्यावरच्या सूचना शेवटी होत्या, आणि छपाईची शाई वाचवण्यासाठी त्यांनी ती पाने छापलीच नव्हती. शिक्का मिळाला की काम झाले, अशी त्यांची समजूत होती. न्यू जर्सीत मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोटरी मुळात लागत नाही. नोटरी लागते ती मृत्युपत्राला जोडायच्या शपथपत्रासाठी, ज्यामुळे पुढे साक्षीदारांना शोधून आणून त्यांची जबानी घ्यावी लागत नाही. साक्षीदारांशिवायच्या कागदावर माझा शिक्का बसला असता तर तो दिसायला अधिक भारदस्त झाला असता, आणि मुलांना तो न्यायालयात भांडून सिद्ध करावा लागला असता.

हेच जोडपे कोलोरॅडोत किंवा नॉर्थ डकोटात असते तर तिथे साक्षीदारांऐवजी नोटरीसमोरची सही चालते. लुईझियानात अशा छापील मृत्युपत्राला नोटरी आणि दोन साक्षीदार दोन्ही लागतात. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात सही करताना साक्षीदार नसले तरी चालते, पण माणूस गेल्यानंतर ती सही त्याचीच आहे असे सांगणारे दोघे उभे करावे लागतात. ‘तुमच्या राज्याच्या कायद्यानुसार’ या तीन शब्दांत एवढे सगळे दडलेले असते, आणि ज्या पानावर ते लिहिलेले असते तेच पान शाई वाचवताना गळते.

साक्षीदार कोण असावेत, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे घरचे कागद घरच्यांनाच दाखवायची पद्धत आहे. बाहेरच्या माणसाला आपण कोणाला काय देणार हे कशाला कळू द्यायचे, असे म्हणून लोक मुलगा आणि सून यांनाच साक्षीदार करतात, आणि मृत्युपत्रात वाटा त्यांनाच असतो. न्यू जर्सीत यामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र इतर दोन निःस्वार्थ साक्षीदार नसतील तर त्या साक्षीदाराला मृत्युपत्राने दिलेला वाटाच रद्द ठरतो. कॅलिफोर्नियात अशा साक्षीदाराने दडपण आणून वाटा मिळवला, असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते. साक्षीदाराला मृत्युपत्रातला मजकूर वाचून दाखवावा लागत नाही, त्याने फक्त सही होताना पाहायची असते. एवढी एक गोष्ट कोणी आधी सांगितली असती तर निम्मी कुटुंबे शेजाऱ्यांना बोलवायला तयार झाली असती.

फ्लोरिडाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधली आपली निवृत्त मंडळी थंडीला कंटाळून तिकडे जातात आणि इथे केलेले कागद सामानाबरोबर घेऊन जातात. न्यू जर्सीत स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सही केलेले मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही ग्राह्य धरता येते. दुसऱ्या राज्यात कायदेशीरपणे केलेली मृत्युपत्रे फ्लोरिडा सहसा मान्य करते, पण साक्षीदार नसलेले असे हस्तलिखित मृत्युपत्र ते जिथे केले तिथे वैध असले तरी तिथे चालत नाही. दुसरे असे, की मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेली व्यक्ती एकतर फ्लोरिडाची रहिवासी असावी लागते, नाहीतर रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातली. चाळीस वर्षांचा जिवाभावाचा मित्र, जो सख्ख्या भावापेक्षा जवळचा असतो आणि ज्याचे नाव आपण न्यू जर्सीत निर्धास्तपणे लिहिलेले असते, तो या दोन्हींत बसत नाही. तिसरी गोष्ट घराची. राहते घर कोणाला द्यायचे यावर फ्लोरिडाच्या राज्यघटनेतच बंधन आहे. नवरा किंवा बायको हयात असताना ते घर मृत्युपत्राने परस्पर मुलांच्या नावे करता येत नाही, आणि अज्ञान (अठरा वर्षांखालील) मूल असेल तर ते कोणालाच मृत्युपत्राने देता येत नाही. आपण काय लिहिले आहे हे न पाहता कायदा तिथे स्वतःची वाटणी करतो. विकतच्या नमुन्यात ‘घर’ या शब्दापुढे एक रिकामी रेघ असते. रेघ कुठल्याही राज्यात सारखीच दिसते.

रिकाम्या चौकटींबद्दलही असेच. एका गृहस्थांनी मला विचारले की ‘पर स्टर्पीस’ आणि ‘पर कॅपिटा’ यांपैकी कुठे खूण करू. मी नोटरी, मला उत्तर देता येत नव्हते. त्यांनी पहिल्या चौकटीत खूण केली, कारण ती पहिली होती. या दोन लॅटिन शब्दांतला फरक असा, की पहिल्या पद्धतीत आपल्या आधी वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांकडे, म्हणजे आपल्या नातवंडांकडे त्या शाखेने जातो. दुसऱ्या पद्धतीत डोकी मोजून वाटणी होते, आणि डोकी कोणत्या पिढीपासून मोजायची हे नमुन्यातल्या व्याख्येवर आणि राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. संसारातली सर्वांत दुःखद शक्यता त्या दोन चौकटींत आहे, आणि ती कोणी न समजता भरावी याचे मला फार वाईट वाटले.

याच गठ्ठ्यातल्या मृत्युपत्राच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य छापलेले असते, ज्याकडे कोणी पाहत नाही : ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे.’ आपल्यातल्या कितीतरी लोकांचा पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट असतो, गावाकडे जमिनीचा तुकडा असतो, आणि त्यासाठी भारतात जाऊन, दोन साक्षीदारांसमोर, वेगळे मृत्युपत्र केलेले असते. इथला विकतचा नमुना भरून सही केली की त्या एका वाक्याने भारतातल्या मृत्युपत्रावर बोळा फिरतो, किंवा निदान तसा वाद उभा राहतो. नमुना करणाऱ्या कंपनीचा यात दोष नाही. तो नमुना न्यू जर्सीसाठी लिहिलेला आहे आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर सातबारा नव्हता. उलट बाजूनेही तसेच. इथले राज्यानुसारचे मुखत्यारपत्र भारतातल्या दुय्यम निबंधकापुढे फारसे उपयोगी पडत नाही. तिकडच्या कामासाठी तिकडच्या मसुद्याने वेगळा कागद करावा लागतो, इथे त्याचे रीतसर प्रमाणीकरण व्हावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

नावांचा गोंधळ तर आपला खास घरगुती. लग्नानंतर नाव बदललेले, मधले नाव पासपोर्टवर वडिलांचे आणि बँकेत नवऱ्याचे, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये कुठे एक अक्षर जास्त. नमुन्यात ‘संपूर्ण नाव’ अशी एकच जागा असते. घराच्या दस्तावर असलेले नाव आणि मृत्युपत्रावरचे नाव जुळले नाही, तर ‘उर्फ’ लावून दोन्ही नावे लिहिण्याची सोय आहे, पण ती कोणी सुचवत नाही.

आता त्या ‘तुमच्या राज्याच्या कायद्यानुसार’ या शिक्क्याला तारीख का नसते, हे मी कार्यकारिणींना विचारू इच्छिते. कायदे बदलतात. न्यूयॉर्कने मुखत्यारपत्राचा नमुना २००९ मध्ये पूर्ण बदलला आणि १३ जून २०२१ पासून पुन्हा बदलून दोन साक्षीदारांची अट घातली. ‘मी आजारी पडून असमर्थ झालो तरच हे मुखत्यारपत्र लागू होईल’ असे लिहिण्याची पद्धत लोकांना फार सुरक्षित वाटते, पण १ ऑक्टोबर २०११ पासून फ्लोरिडाच्या कायद्याखाली असे मुखत्यारपत्र नव्याने करता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये ही मर्यादा २०१९ पासून आहे, न्यू जर्सीत ती दीड महिन्याची आहे, आणि टेक्सासमध्ये राज्याच्या कायद्याने मर्यादाच घातलेली नाही. एका सभासदाने पाच वर्षांपूर्वी संगणकात उतरवून ठेवलेला भाडेकरार आपल्या दुसऱ्या राज्यातल्या घरासाठी वापरला, फक्त राज्याचे नाव बदलून. भाडेकरूने सहीही केली. कायद्याविरुद्ध जाणारे कलम दोघांनी राजीखुशीने सही केले तरी बहुधा लागू होत नाही, हे त्यांना अनामत परत देण्याच्या वेळी कळले.

व्यवसायाच्या नमुन्यांवर मी फार लिहीत नाही, तो माझ्या टेबलावर क्वचित येणारा विषय आहे. एवढेच, की न्यूयॉर्कमध्ये एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढल्यावर १२० दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत सहा आठवडे जाहिरात द्यावी लागते, आणि कॅलिफोर्नियात नोकराला पुढे स्पर्धकाकडे काम करण्यास मनाई करणारे कलम सहसा रद्दबातल ठरते. तेच कलम इतर राज्यांच्या नमुन्यांत सर्रास असते.

विक्रेत्यांच्या बाजूनेही काही सांगणे न्याय्य होईल. सामान्य माणसाला असे नमुने मिळावेत यासाठी या देशात मोठे झगडे झाले आहेत. १९६५ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका म्युच्युअल फंड विक्रेत्याने प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करण्याची प्रक्रिया, टाळण्याच्या नमुन्यांचे पुस्तक छापले, तेव्हा न्यूयॉर्कच्या वकील संघटनेने ते परवान्याशिवाय केलेली वकिली आहे म्हणून न्यायालयात धाव घेतली. १९६७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुस्तक विकायला परवानगी दिली, कारण ते सर्वांसाठी होते, कोणा एका अशिलासाठी नव्हते. १९७८ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नमुने विकणे आणि गिऱ्हाईक सांगेल ते टंकून देणे मान्य केले, पण कोणता नमुना घ्यावा आणि कसा भरावा याचा सल्ला द्यायला मनाई केली. १९९९ मध्ये टेक्सासमधल्या एका न्यायालयाने मृत्युपत्राचे सॉफ्टवेअर बेकायदा ठरवले, तर त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलून ते वैध केले. अट एकच, की हे वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही असे त्यावर ठळक लिहिलेले असावे. म्हणून नमुन्यांच्या पहिल्याच पानावर ते वाक्य असते. विक्रेत्याला विकण्याचा अधिकार सल्ला न देण्याच्या अटीवर मिळाला आहे. मंडळाच्या टेबलावर बसलेला उत्साही स्वयंसेवक मात्र ‘काका, इथे टिक करा’ असे बिनदिक्कत सांगतो, आणि तसे सांगताना आपण त्या अटीपलीकडे गेलो हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसते.

यंत्रमानव वकील असल्याचा दावा करणाऱ्या एका सेवेवर तर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने कारवाई केली. ‘डू-नॉट-पे’ नावाच्या त्या कंपनीला १,९३,००० डॉलर भरावे लागले आणि पुराव्याशिवाय आपली सेवा वकिलाची बरोबरी करते असे सांगायला मनाई झाली. तो आदेश २०२५ च्या फेब्रुवारीत कायम झाला. सवलतीचा कोड वाटण्यापूर्वी मंडळांनी आणखी एक गोष्ट पाहावी : एकदाच पैसे भरायचे आहेत, की ‘मोफत आठवडा’ संपल्यावर दरमहा कार्डावरून रक्कम कापली जाणार आहे. २०१० च्या केंद्रीय कायद्याने ही अट स्पष्ट सांगणे आणि रद्द करण्याची सोपी सोय ठेवणे बंधनकारक केले आहे, तरी आमच्या एका आजींच्या कार्डावरून सात महिने पैसे जात होते.

आणि आता फुकटाबद्दल. वैद्यकीय निर्णयांच्या अधिकारपत्राचा नमुना राज्ये विनामूल्य देतात. न्यू जर्सीत तो आरोग्य विभागाकडे मिळतो. त्याला दोन साक्षीदार किंवा नोटरी यांपैकी एक पुरते, आणि ज्याला अधिकार द्यायचा तो साक्षीदार होऊ शकत नाही. न्यूयॉर्क आणि टेक्सास यांनी मुखत्यारपत्राचा नमुना कायद्याच्या पुस्तकातच छापला आहे. कॅलिफोर्नियाने तर मृत्युपत्राचाही संपूर्ण नमुना कायद्यात दिला आहे, आणि विस्कॉन्सिन, मिशिगन व मेन यांनीही तसे केले आहे. घटस्फोटापासून नाव बदलण्यापर्यंतचे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांचे अधिकृत नमुने विनामूल्य आहेत. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक दाव्यांचे नमुने स्वतः मंजूर करून खुले ठेवले आहेत, आणि टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनेचा विरोध असतानाही २०१२ मध्ये साध्या घटस्फोटाचे नमुने मंजूर केले. हे नमुने राज्यानुसार आहेत की नाही हा प्रश्नच येत नाही, कारण ते राज्याचेच आहेत.

काही गोष्टींपर्यंत मात्र कोणताच नमुना पोहोचत नाही, विकतचा नाही आणि फुकटचाही नाही. नोकरीतल्या ४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्यावर आणि विम्यावर ज्याचे नाव वारस म्हणून नोंदवलेले असते, पैसे सहसा त्यालाच जातात, मृत्युपत्रात काहीही लिहिले असले तरी. वॉशिंग्टन राज्यातल्या एगेलहॉफ खटल्यात घटस्फोटानंतर दोन महिन्यांनी पती वारला. घटस्फोट झाल्यावर जुनी नोंद आपोआप रद्द होते असा त्या राज्याचा कायदा होता, तरी नोकरीतल्या योजनांवर केंद्रीय कायदा चालतो म्हणून २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल घटस्फोटित पत्नीच्या बाजूने दिला, तिच्याआधीच्या लग्नाच्या मुलांच्या नव्हे. आपल्यातले कितीतरी जण लग्नाआधी नोकरीला लागले तेव्हा विम्याच्या अर्जावर आईचे किंवा भावाचे नाव लिहून आले आहेत, आणि त्यानंतर तो अर्ज त्यांनी पाहिलेला नाही.

स्वतः कागद कोणी करू नयेत, हेही मंडळांनी सांगावे. ज्यांच्या घरात अपंगत्व असलेले मूल आहे आणि त्याला सरकारी मदत मिळते, त्यांनी त्या मुलाच्या नावे सरळ वाटा लिहिला तर ती मदतच थांबू शकते, कारण त्या मदतीसाठी स्वतःच्या नावे दोन हजार डॉलरांहून अधिक मत्ता चालत नाही. दुसरे लग्न आणि पहिल्या लग्नाची मुले, दोन राज्यांत घरे, भागीदारीतला धंदा, अमेरिकेचे नागरिक नसलेला जोडीदार आणि मोठी मालमत्ता, अशा घरांनी वकिलाकडे जावे. तिथेही मधला मार्ग आहे. कागद आपण भरायचा आणि वकिलाने तो फक्त तपासून द्यायचा, असे मर्यादित काम बरेच वकील घेतात आणि त्याचे शुल्कही मर्यादित असते. राज्याच्या वकील संघटनेच्या संदर्भसेवेकडून अशी नावे मिळतात.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा आहेत. सवलतीचे कोड आणि त्यापोटी येणारी देणगी मंडळांनी बंद करावी. त्याऐवजी आपापल्या राज्याच्या अधिकृत, विनामूल्य नमुन्यांची यादी मराठीत करून ठेवावी, प्रत्येक नमुन्यापुढे तो शेवटचा कधी तपासला ती तारीख लिहावी, आणि दर जानेवारीत कोणीतरी ती यादी पुन्हा पाहावी. ही यादी करणाऱ्याने कोणाला काय भरायचे ते सांगू नये. मंडळांत वकील असलेले सभासद असतात. ज्या राज्यात त्यांचा परवाना आहे त्या राज्यापुरते त्यांनी वर्षातून एकदा प्रश्नोत्तरांसाठी बसावे.

आणि वर्षातून एक दिवस मंडळाने सह्यांचा ठेवावा. गणपतीच्या आरतीला ज्या सभागृहात तीनशे माणसे जमतात, तिथे एकमेकांच्या मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार शोधणे अवघड नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तर हेच जमत नाही. त्यांच्याकडे भरलेला कागद वर्षानुवर्षे कपाटात पडून असतो, कारण साक्षीदार म्हणून कोणाला बोलवावे असा संकोच असतो. मृत्युपत्र ज्याचे आहे तो, दोन साक्षीदार आणि नोटरी एका वेळी एका खोलीत असले, तर मृत्युपत्र आणि त्याचे शपथपत्र दोन्ही दहा मिनिटांत होतात.

आमच्या भागातल्या मंडळांनी असा दिवस ठरवला तर मी शिक्का आणि नोंदवही घेऊन दिवसभर बसेन आणि अडीच डॉलरही घेणार नाही. येणाऱ्यांनी मुदत न संपलेले, फोटो असलेले ओळखपत्र आणावे, कागदाची सर्व पाने छापून आणावीत, सूचनांची सुद्धा, आणि कृपया घरून सही करून येऊ नये.

आपली नम्र,
न्यू जर्सीतील एक नोटरी आणि मंडळाची जुनी सभासद